सहा किलो चारशे: पाताळपाणी ते खेडीघाट, चार दिवस पायी

तयारी

आमच्या घरात आता बंदूक नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, आपली दुनळी देऊन टाकली. राहिली ती एक घोंगडी, एक चाकू आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. अप्पा होळकरशाहीतल्या इंदूरचे. पारधीला जायचे ते बहुधा एकटे नाहीतर एखाद्या गावकऱ्याबरोबर, पायी. हाका घालणारी माणसं, हत्ती, तंबू हा सगळा थाट राजेलोकांचा. अप्पांचं सगळं स्वतःच्या पाठीवर असायचं, म्हणून वहीत जनावरांपेक्षा वजनंच जास्त आहेत. ‘बंदूक साडेतीन शेर. काडतुसं अर्धा शेर. घोंगडी तीन शेर. पीठ, गूळ, मीठ, दीड शेर.’ आणि प्रत्येक फेरीच्या पानाखाली एक रेघ, तिच्याखाली एकच मथळा: ‘काय नको होतं’.

मला ही वही सापडली ती आई गेल्यावर माळा आवरताना. वाचून झाली त्या रात्रीच ठरवलं की अप्पा ज्या चोरल नदीच्या खोऱ्यात जायचे तिथून चालत नर्मदेपर्यंत जायचं. हातात कॅमेरा. तयारी मात्र अप्पांच्या पद्धतीने.

बरोबर भाचा निघाला. बावीस वर्षांचा आहे, अमेरिकेतल्या डोंगरांत एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला पाठीवर सामान घेऊन जाणाऱ्यांचे व्हिडिओ मन लावून बघतो. सुरुवातीला मला ते आवडत नव्हतं. पण त्याने एकदा शेजारी बसवून दाखवलं, तेव्हा कळलं की ती माणसंही अप्पांसारखाच हिशेब करतात. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस नव्वद-शंभर किलो भरतं. ते दोन-तीन खेपा करून गाडीपर्यंत पाठीवरूनच आणायचं असतं. म्हणून जाताना ग्रॅम ग्रॅम कमी करायचा. तंबूऐवजी नुसतं छत, दोघांत एकच भांडं, आणि सॅक अशी की पिशवी सांगाड्यापासून सुटी होते व मधल्या जागेत ओझं कसून बांधता येतं. मांस ठेवायच्या पिशव्यासुद्धा हवा खेळेल अशा विरळ कापडाच्या, म्हणजे ते नासत नाही. आम्हाला येताना काहीच आणायचं नव्हतं. पण जाताना हलकं असण्याचं दुसरं कारण अप्पांच्या वहीत होतं: ‘पाठ जड झाली की मान खाली जाते. मान खाली गेली की काही दिसत नाही.’

तीन आठवडे आधी जेवणाच्या टेबलावर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मांडला आणि एकेक वस्तू तोलायला घेतली. भाच्याची सॅक पहिल्यांदा भरली ती चौदा किलोंवर गेली. स्टीलची बाटली रिकामीच चारशे ग्रॅमच्या पुढे. मिनरल वॉटरची एक लिटरची रिकामी बाटली तीस ग्रॅमही भरत नाही आणि चार दिवसांत काही फुटत नाही. तिथेच पावणेचारशे ग्रॅम वाचले. जीन्स गेली. ती ओली झाली की वाळत नाही आणि सुतीच असल्यामुळे घाम धरून थंडीत अंग गार पाडते. डिसेंबरात त्या खोऱ्यात पहाटे आठ-दहा अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा याचा फरक पडतो. आत लोकर, वर फ्लीस, एक वाऱ्याचं जाकीट, कानटोपी, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड. झालं.

सगळ्यात जड तीन गोष्टी: सॅक, झोपायचं सामान, छप्पर. इथेच खरी बचत होते, टूथब्रशचा दांडा कापून काही होत नाही. माझी सॅक ८५० ग्रॅम, स्लीपिंग बॅग १,०५० आणि फोमची मॅट ३००. मॅट स्वस्तातली आहे पण तिच्यावाचून चालत नाही. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही, थंडी जमिनीतून वर येते. तंबूऐवजी चारशे ग्रॅमची पातळ ताडपत्री आणि आठ मीटर दोरी.

घोंगडीपाशी मी अडले. काट्यावर दोन किलो आठशे. अप्पांच्या अंगावरची, अजून तिला धुराचा वास आहे. भाचा काही बोलला नाही, फक्त आकडा लिहून घेतला. मी वही उघडली. शेवटच्या तीन फेऱ्यांच्या पानांवर ‘काय नको होतं’खाली अप्पांनी स्वतःच लिहिलं होतं: ‘घोंगडी. पातळ कांबळं पुरलं असतं.’ घडी घालून परत पेटीत ठेवली.

खाणं इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलं. इथे हिशेब असा, की शंभर ग्रॅममध्ये ताकद किती. शेंगदाणे आणि सेव दोन्ही साडेपाचशे कॅलरीच्या आसपास, पोहे साडेतीनशे, सफरचंद जेमतेम पन्नास. म्हणून फळं बंद. भाजलेले दाणे, गूळ, लवंगी सेव, मेतकूट, भाजून ठेवलेले पोहे, सातूचं पीठ. वाटेत गावं लागणार होती, म्हणून दोनच दिवसांचं घेतलं, माणशी दिवसाला पावणेसहाशे ग्रॅमच्या हिशेबाने. चहासाठी स्पिरिटची छोटी शेगडी: तीस मिलीलिटर स्पिरिटमध्ये अर्धा लिटर पाण्याला उकळी येते. जंगलात लाकडं पेटवायची नाहीत हे आधीच ठरलं होतं. सागाचा पाचोळा डिसेंबरात कोरडाठाक असतो, एक ठिणगी पुरते.

माझी सॅक शेवटी पाण्याशिवाय सहा किलो चारशे ग्रॅमवर आली, त्यात साडेअकराशे ग्रॅमचा कॅमेरा धरून. भाच्याची सात किलो आठशे.

वजनाबरोबर आवाजही तपासला. ही अप्पांची रीत. सॅक पाठीवर घेऊन दिवाणखान्यात उड्या मारायच्या आणि जे खुळखुळेल ते फडक्यात गुंडाळायचं. चमचा भांड्यात वाजत होता, काडेपेटी वाजत होती. भाच्याचं जाकीट हात हलवला की सळसळत होतं. मी म्हटलं, ‘हे जंगलात नको.’ तो म्हणाला, ‘मावशी, अगं वारा थांबतो याने.’ राहू दिलं. वासाचा साबण, केसांचं तेल, डिओ मात्र घरी. शेवटी अप्पांच्या यादीतली एक गोष्ट: ‘राख, पुरचुंडीत.’ गोवरीची राख वस्त्रगाळ करून मलमलीत बांधली. तीस ग्रॅम.

दर रविवारी भरलेली सॅक घेऊन इंदूरजवळच्या राळामंडळच्या टेकडीवर चढायचो. वर होळकरांचं शिकारगाह आहे. जिथे राजे शिकारीला यायचे ते रान १९८९ पासून अभयारण्य आहे. तिथे सराव करताना मला फार बरं वाटायचं.

वनविभागाच्या कार्यालयात जाऊन वाट सांगितली. जंगलात मुक्काम करायचा नाही, गावात किंवा मंदिरात करायचा, असं सांगण्यात आलं. ते योग्यच आहे, या पट्ट्यात बिबटे आहेत आणि २०२३ मध्ये महूच्या बाजूला वाघही फिरत होता. रोजचा मुक्काम, बरोबरच्या वाटाड्याचा नंबर आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं’ हे एका कागदावर लिहून धाकट्या बहिणीकडे दिलं.

दिवस पहिला

सकाळी महू, तिथून रिक्षाने पाताळपाणी. डिसेंबरात धबधब्याची बारीक धार उरते, पण त्यामुळे कड्याचा काळा बेसाल्ट नीट बघता येतो. वाटाड्या काका काळाकुंडचे, साठीच्या घरातले, पायात प्लास्टिकचे बूट आणि खांद्यावर एक गमछा. त्यांनी आमच्या सॅक हाताने उचलून बघितल्या, माझी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘ठीक है.’ भाच्याची ठेवताना काही म्हणाले नाहीत.

इथून काळाकुंडपर्यंत घाट उतरतो. शेजारी मीटरगेजचा जुना लोहमार्ग, चाळीस फुटांना एक फूट असा तीव्र उतार. याच मार्गासाठी १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. रुळांवरून चालायला मनाई आहे, आम्ही काकांच्या पायवाटेने गेलो. ती दरीच्या पोटातून जाते: साग, धावडा, सालई, मधूनच तेंदू.

पहिल्या तासातच पट्ट्यांचं काम निघालं. नवशिक्या माणसाचं सगळं वजन खांद्यावर येतं. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडाच्या वर बसवून आधी तो आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, तेही बेताने. भाच्याला थांबवून नीट करून दिलं. ‘अरे, हे तर अर्धं झालं!’ म्हणाला. वजन तेवढंच होतं, ते आता पायांवर उतरलं होतं.

काळाकुंडला दुपारी पोचलो. पळसाच्या पानातला कलाकंद घेतला, इथला तो प्रसिद्धच आहे, त्याचं वजन धरायचं नाही असं ठरलं. मुक्काम काकांच्या पडवीत. रात्री चूल होती, गरम मक्याची रोटी होती, आमची शेगडी बाहेरच आली नाही.

दिवस दुसरा

या दिवसासाठी आलो होतो.

पहाटे साडेपाचला उठलो. काकांनी आदल्या संध्याकाळीच नदीकाठचा एक सपाट तुकडा दाखवला होता. तिथे एकाच जागी लेंड्यांचे मोठे ढीग होते, काही काळे आणि ओले. घोडारोझ, म्हणजे नीलगाय, पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकते. अप्पांच्या वहीत या खुणेचं चित्रच आहे.

हेडटॉर्च तांबड्या दिव्यावर ठेवून निघालो. उजाडता उजाडता उतारावरच्या एका खडकामागे बसलो तर खाली साधारण दीडशे मीटरवर तो उभा: निळसर करडा नर, गळ्याखाली पांढरा डाग आणि त्याखाली केसांचा झुपका. भाचा उठायला लागला. मी त्याच्या दंडाला धरलं आणि खिशातून पुरचुंडी काढली.

मलमलीला एक टिचकी मारली. राखेचा लहानसा ढग निघाला, क्षणभर जागीच थांबला आणि मग हळूहळू, अगदी हळू, उताराने खाली जायला लागला. सरळ त्याच्याकडे. गालाला वारा जाणवत नव्हता, पानही हलत नव्हतं, तरी हवा वाहत होती. रात्रभर गार झालेली हवा जड असते, ती पाण्यासारखी डोंगरावरून दरीत आणि दरीतून नदीच्या खालच्या अंगाला ओघळते. आम्ही तसेच पुढे गेलो असतो तर आमच्या आधी आमचा वास पोचला असता. ऊन उतारावर पडलं की हे उलटतं, तापलेली हवा वर चढू लागते. म्हणजे आम्हाला नदीच्या खालच्या बाजूने जाऊन वर सरकायचं होतं, आणि तेही ऊन यायच्या आत.

सॅक तिथेच झाडाला टेकवून ठेवल्या. नाल्याने खाली उतरलो, वळसा घातला. मग शेवटचा टप्पा, सागाच्या पाचोळ्यातून. वाळलेलं सागाचं पान पापडासारखं मोडतं. पाऊल टाकायचं ते बाहेरच्या कडेवर, मग हळूच आत लोळवायचं, आणि पूर्ण टेकेपर्यंत अंगाचा भार मागच्याच पायावर. एक पाऊल, थांबायचं, राख. पाऊल, थांबायचं. चाळीस मीटरचं अंतर कापायला वीस मिनिटं लागली. पाठीवर काही नव्हतं म्हणूनच हे जमलं. ओझं असतं तर एका पायावर इतका वेळ तोल राहिला नसता.

पस्तीसेक मीटरवर मी एका धावड्याच्या बुंध्याशी टेकले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तो पाणी पीत होता. दोन फोटो झाले. तेवढ्यात मागे भाच्याने हात वर केला असावा, कारण जाकिटाची एक लांब सळसळ ऐकू आली. घोडारोझाची मान झटक्याने वर. कान आमच्याकडे वळलेले. त्याच्या मिशांवरून पाण्याचे थेंब खाली पडत होते, ते मी काचेतून मोजू शकत होते. मग वळला आणि दगडधोंड्यांतून धडधडत वर निघून गेला. दोनशे किलोंचं जनावर, पण धूळ उडाली तेवढीच.

भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्याला रागावले नाही. ‘तू पाहिलास ना?’ विचारलं. त्याने मान डोलावली, जाकीट काढलं, गुंडाळलं आणि उरलेले दिवस फ्लीसवरच काढले. लोकर आणि फ्लीस घासले तरी आवाज करत नाहीत, म्हणून अप्पा घोंगडी नेत होते हे मला तेव्हा पुरतं उमगलं.

सॅककडे परत येताना काका वाळूपाशी थांबले. ओल्या वाळूत एक ठसा: चार बोटं, मागची गादी, नखांचा मागमूस नाही. माझ्या हाताच्या तळव्यात मावेल एवढा. बिबट्या, रात्रीचा. पलीकडच्या उंबरावर वानरं खाकरायला लागली, तसे काका म्हणाले, ‘अब चलो, दीदी.’ कुठलाही वाद न घालता निघालो. अशा वेळी जंगलातल्या माणसाचं ऐकायचं.

दुपारी नदीकाठी चहा केला. इथे एक धोका टळला तो सांगितलाच पाहिजे. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. शेगडी विझली असं समजून भाचा बाटली घेऊन पुन्हा स्पिरिट ओतायला निघाला होता. मी हात वरून धरला, आच लागली, आणि बाटली बाजूला ओढली. ज्योत असताना ओतलं असतं तर बाटलीच पेटली असती. शेगडी पूर्ण गार झाल्याशिवाय भरायची नाही, आणि विझली की नाही हे डोळ्यांनी नव्हे तर वर हात धरून पाहायचं.

संध्याकाळपर्यंत चोरल गाव. काका इथून बसने परतले. जाताना मी त्यांना राखेची अर्धी पुरचुंडी देऊ केली. हसले, वाकून मूठभर मऊ माती उचलली, चिमटीतून सोडून दाखवली आणि गेले.

दिवस तिसरा

चोरल ते बलवाडा. बराचसा रस्त्याच्या कडेने, ट्रक, ऊन, सांगण्यासारखं थोडं. भाच्याच्या टाचेला फोड आला. बूट नवे होते, राळामंडळला जुने घालून आला होता. ही चूक मी आधी पकडायला हवी होती. फोड फोडला नाही. भोवती गोल कापलेल्या पट्टीचं कडं, वर चिकटपट्टी, कोरडे मोजे. पुढचे दोन तास मी त्याची ताडपत्री आणि खाणं माझ्या सॅकमध्ये घेतलं. रात्री मंदिराच्या ओसरीत झोपलो. मॅट आपली खरी किंमत वसूल करते ती फरशीवर.

दिवस चौथा

बडवाहवरून खेडीघाट. चढावरून नर्मदा दिसली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

घाटावर परिक्रमावासी बसले होते. त्यांत एक आजी, सत्तरीच्या, पांढरं लुगडं, बोलणं साताऱ्याकडचं. गेल्या वर्षी अमरकंटकहून निघाल्या, चातुर्मास वाटेत काढला, आता उत्तर तटाने परतत होत्या. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, एवढा नेम. ‘नर्मदे हर’ झाल्यावर मी विचारलं, ‘आजी, तुमची झोळी उचलून बघू का?’

‘बघ की.’

चार किलोंच्या वर नसावी. एक कांबळं, एक लुगडं, पाण्याचा कमंडलू, नर्मदाजलाची कुपी, एक ताट, औषधाच्या गोळ्या. भाच्याने एकेक वस्तू डोळ्यांनीच तोलली.

‘निघताना एवढंच होतं का हो?’ त्याने विचारलं.

‘छे रे बाळा. निघताना लेकाने हे एवढं गाठोडं बांधून दिलं. जबलपूरपर्यंत वाटत वाटत आले.’

तिने आम्हाला आपल्यातली खिचडी दिली. आम्ही उरलेलं मेतकूट आणि गूळ दिला. मेतकूट हुंगून तिने डोळे मिटले. ‘घरचं आहे,’ म्हणाली.

घरी

रात्री दहाला इंदूर. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून घोंगडी काढून फरशीवर अंथरली आणि दोन्ही सॅक तिच्यावर रिकाम्या केल्या. तीन ढीग: रोज लागलं, एकदा लागलं, लागलंच नाही. प्रथमोपचाराची पिशवी, शिट्टी आणि हेडटॉर्चचे जादा सेल न लागूनही पहिल्या ढिगात, ते कधीच काढायचे नाहीत.

तिसरा ढीग माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. भाच्याने अप्पांच्या वहीचं पहिलं कोरं पान उघडलं, शिसपेन्सिल घेतली, वर तारीख आणि वाट लिहिली, मग खाली रेघ ओढली. ‘काय नको होतं’ हे त्याने अप्पांच्या वळणासारखं लिहायचा प्रयत्न केला. त्याखाली: दुसरी पॉवर बँक, ३४० ग्रॅम. जाकीट. दोरी आठ मीटर होती, पाच पुरली असती. पातेल्याचं झाकण, फॉइल चाललं असतं.

‘मावशी, राख कुठल्या ढिगात?’

‘पहिल्या.’